एएमसी कुणाकडे?

गेल्या महिन्यात ऑफिसात पुन्हा ती मेल आली. ‘नेपाळमधल्या शाळांसाठी स्वयंसेवक हवेत. तीन आठवडे. स्थानिक कुटुंबात राहा, हिमालय बघा, मुलांना कॉम्प्युटर द्या.’ सोबत फोटो. फोटोत नेहमीचीच मंडळी. गळ्यात झेंडूची माळ घातलेला एक इंजिनीयर, त्याच्याभोवती पंधरा-वीस हसरी पोरं, आणि मागे एक मॉनिटर, जो बंद आहे. (फोटो मोठा करून बघा. मी केला. पॉवरचा बारका दिवासुद्धा लागलेला नाही.)

या वर्षी या मेलला जरा जास्तच जोर आहे, आणि त्यामागे परोपकाराची लाट वगैरे काही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे लॅपटॉप कंपन्यांच्या स्टोअररूममध्ये ढिगाने पडलेत. भंगारात काढायचे तर ई-कचऱ्याची कागदपत्रं रंगवा. दान करायचे तर वार्षिक अहवालात एक पान मिळतं, वर फोटो. आता तुम्हीच सांगा, मॅनेजर लोक काय निवडतील?

मी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अशाच एका संस्थेतर्फे लमजुंग जिल्ह्यातल्या एका गावात तीन आठवडे राहून आलोय. त्यामुळे ‘स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्याला नावं ठेवायची’ हा शेरा मला लागू नाही. जाऊन आलोय, रॅमच्या पट्ट्यांना खोडरबर घासून आलोय, म्हणूनच बोलतोय. माझी तक्रार एकच आहे. या सगळ्या योजनांच्या पत्रकात डोंगर असतात, डाळभात असतो, मुलांचं हसू असतं, पण एक ओळ कधीच नसते. एएमसी कुणाकडे?

ज्यांना हा शब्द रोजचा नाही त्यांच्यासाठी: ॲन्युअल मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट. ऑफिसातला प्रिंटर असो, सोसायटीची लिफ्ट असो की घरचा पाण्याचा फिल्टर, वस्तू घेताना आपण हा प्रश्न पहिला विचारतो. आपल्या धंद्यात तर याचं बाळकडूच मिळतं. सॉफ्टवेअर लिहून सर्व्हरवर टाकणं हे काम थोडं, ते पुढे पाच वर्षं चालतं ठेवणं हे काम खरं. एखादा व्हेंडर काम अर्धवट समजावून, पासवर्ड न देता, कागदपत्रं न लिहिता निघून गेला तर आपण त्याचं पेमेंट अडवतो, मेलवर मेल ठोकतो, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आणि तेच आपण सुट्टी टाकून, पाठीवर सॅक मारून एका शाळेत जातो आणि नेमकं तेच करून येतो. वर निघताना हारतुरे घेतो!

त्या शाळेची लॅब म्हणजे उत्खननाची जागा होती. अकरा मशिनं, तीन थरांत. सगळ्यात खाली एक्सपीच्या काळातले जाडजूड डेस्कटॉप. त्यांच्यावर कुठल्याशा देशाच्या झेंड्याचा स्टिकर, जो मशिनपेक्षा जास्त टिकलाय. मधल्या थरात कुणीतरी उबुंटू टाकून दिलेली चार मशिनं. कल्पना उत्तम, फुकट आहे, व्हायरसची कटकट कमी. फक्त ॲडमिनचा पासवर्ड टाकणाऱ्याबरोबरच विमानात बसून गेलेला. (रिकव्हरी मोडमधून तो बदलायला मला दोन मिनिटं लागली. पण हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ती चार मशिनं म्हणजे चार पेट्या.) आणि सगळ्यात वर तीन लॅपटॉप, बॅटऱ्या भाकरीसारख्या टम्म फुगलेल्या, कीबोर्ड जर्मन. म्हणजे वाय दाबलं की झेड येणार. ज्या पोरानं कीबोर्ड आयुष्यात पहिल्यांदा बघितलाय, त्याची सुरुवात इथून!

अकरापैकी चालू होती चार. बाकीच्यांचे रोग किरकोळ होते, आणि हेच जास्त डोक्यात जातं. दोघांचे पॉवर सप्लाय व्होल्टेजच्या चढउतारात उडालेले. युपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या. तीन मशिनांतला तो नाण्याएवढा सेल संपलेला, त्यामुळे दर वेळी चालू केलं की मशिनची तारीख कित्येक वर्षं मागे जाणार, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला ‘धोका आहे’ म्हणून बोंबलणार. सरांची समजूत झाली होती की इंटरनेट बिघडलंय. वीस-पंचवीस रुपयांचा सेल हो! तेवढ्यासाठी मशिन दोन वर्षं प्लॅस्टिकच्या झाकणाखाली झाकून ठेवलेलं. लॅबबाहेर चपला काढायच्या हा नियम मात्र तिथेही कडक आहे, अगदी आपल्या झेडपीच्या शाळेसारखा.

कॉम्प्युटरच्या सरांनी पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट हात जोडून सांगितली. ‘सर, जे करायचं ते करा, फक्त ऑफिसमधलं मशिन फॉरमॅट करू नका.’ का, तर आधीच्या एका स्वयंसेवकानं उत्साहाच्या भरात ते स्वच्छ करून नवीन विंडोज टाकलं होतं. त्यात सहामाहीच्या प्रश्नपत्रिका गेल्या, आणि प्रीती फॉन्ट गेला. नेपाळी देवनागरीतच लिहितात आणि तिथल्या कचेऱ्यांतून, शाळांतून अजूनही प्रीती नावाचा जुना फॉन्ट सर्रास चालतो. आपल्याकडे श्रीलिपी आणि कृतिदेव जसे हटत नाहीत, तसंच. तो फॉन्ट मशिनवर नसला की ‘नेपाली’च्या जागी नुसता रोमन अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा दिसतो. गोऱ्या पाहुण्याला तो चिवडा म्हणजे खराब फाइल वाटली असणार. आपल्यापैकी कुणी असता तर निदान त्याला शंका तरी आली असती, पण खरं सांगायचं तर बाहेरून आलेल्या माणसाला शाळेचं ऑफिस काय टाइप करतं हे विचारायची गरजच वाटत नाही. तो ‘मुलांसाठी’ आलेला असतो ना.

बरं, मुलांसाठी तरी काय? मी ज्यांच्या घरी राहिलो त्यांची मुलगी दहावीत होती. कॉम्प्युटर हा तिचा ऐच्छिक विषय. तिथल्या दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला एसईई म्हणतात, आणि तेव्हा तिच्या पुस्तकात प्रोग्रामिंग शिकवायला होतं क्यूबेसिक. हसू नका. मलाही पुस्तक बघून आमचे आद्य गुरू आठवले, पण परीक्षेत तेव्हा तेच विचारायचे. तिची वही बघितली तर त्यात पेनानं लिहिलेले पन्नासेक प्रोग्राम. शब्द उलटा करा, पॅलिंड्रोम ओळखा, फिबोनाचीच्या संख्या काढा. प्रत्येकाखाली स्वतःच्या हातानं काढलेलं आउटपुट, चौकट आखून. मी विचारलं, हे चालवून बघितलंस का कधी? ती म्हणाली, ‘नाही दाइ. एफ-फाइव दाबायचं असतं, हे पाठ आहे.’

पाठ आहे!

शाळेत ते का चालत नव्हतं याचं उत्तर तांत्रिक आहे आणि फार साधं आहे. जुनं क्यूबेसिक सोळा बिटांचं, आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचं काहीच चालत नाही. उबुंटूवर तर प्रश्नच नाही. मधे डॉसबॉक्ससारखं काहीतरी घालावं लागतं. दहा मिनिटांचं काम. पण माझ्या आधी आलेल्यांनी मुलांना शिकवलं होतं स्क्रॅच, नाहीतर पायथन, आणि एकानं म्हणे ब्लॉकचेनवर भाषण दिलं होतं. स्क्रॅच वाईट नाही, पायथनवर माझं पोट चालतं. पण ज्या मुलीचे मार्क क्यूबेसिकवर ठरणार आहेत तिच्यासमोर पाच दिवस पायथन शिकवून निघून जाणं, हे तिच्यासाठी होतं की आपल्या रेझ्युमेसाठी?

आता वेळापत्रकाची गंमत ऐका. संस्थेनं तारखा ठरवल्या होत्या ७ ते २८ ऑक्टोबर. कारण उघड आहे, पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, अन्नपूर्णा लख्ख दिसते, ट्रेकिंगचा हंगाम. पण त्या वर्षी १५ ऑक्टोबरला घटस्थापना होती. नेपाळमध्ये दसैं म्हणजे आपली दिवाळी आणि गणपती एकत्र केल्यासारखा सण, शाळा कोजागिरीपर्यंत बंद. म्हणजे मुलांना कॉम्प्युटर शिकवायला गेलेल्या माणसाच्या एकवीस दिवसांपैकी शाळा उघडी किती? सहा दिवस. तेव्हा तिथे शनिवारी सुट्टी आणि रविवारी शाळा असायची म्हणून सहा तरी मिळाले. हेडसरांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि गाव बांबूच्या झोक्यावर चढून मोकळं झालं. नेपाळचं कॅलेंडर काय गुप्त दस्तऐवज आहे का? भिंतीभिंतीवर टांगलेलं असतं.

दसैंमुळे एक झालं, बाहेरगावी असलेली माणसं घरी आली. मुलीचे वडील कतारला, ते नाही येऊ शकले. पण तिचे काका आले. आणि अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या माझ्याशी चक्क मराठीत बोलायला लागले! चौदा वर्षं पुण्यात, कोथरूडच्या एका सोसायटीत वॉचमन. (काका हा शब्द नेपाळीतही काकाच आहे, त्यामुळे मला नातं जुळवायला काही कष्ट पडले नाहीत.) चौदा वर्षांत सोसायटीतली निम्मी माणसं त्यांना ‘बहादूर’ म्हणतात. ते त्यांचं नाव नाही.

इथे मला थोडं आडवं बोलायचंय. पत्रकात लिहितात ‘लिव्ह विथ लोकल्स’. हे लोकल्स तुमच्या गेटवर बसलेत की! त्यांची मुलं तुमच्याच मागच्या गल्लीतल्या महापालिकेच्या शाळेत आहेत. त्यांच्याबरोबर चहा प्यायला कुणी रजा टाकत नाही, आणि तोच माणूस चार हजार फुटांवर, मातीच्या अंगणात, मागे हिमशिखर असेल तर त्याच्याबरोबर राहायला आपण पैसे मोजतो. तेवढ्यावरून लगेच ‘मग आपल्या इथल्या शाळा काय कमी आहेत, नेपाळला कशाला जायचं’ असंही म्हणू नका. ते म्हणणारे सहसा इथेही जात नाहीत आणि तिथेही.

तर काका. त्यांना मी लॅब दाखवली. त्यांनी सगळीकडे एक नजर फिरवली आणि म्हणाले, ‘साहेब, आमच्या सोसायटीत लिफ्टवाला दर महिन्याला येतो. तेल घालतो, वहीत सही करतो, जातो. बंद पडली तर फोन करायचा. इथला लिफ्टवाला कोण?’

कंपनीतल्या एकाही प्रेझेंटेशनमध्ये मी इतका नेमका प्रश्न ऐकलेला नाही.

‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं’ हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. मला तो मान्य नाही. बंद पडलेली लॅब शून्य नसते, उणे असते. एक, ती एक वर्गखोली अडवून बसते. दोन, ती कागदावर चालू असते. हेडसरांनी सांगितलं की गाउँपालिकेनं कॉम्प्युटरसाठी शाळांची यादी केली तेव्हा यांचं नाव आलंच नाही, कारण रकान्यात लिहिलेलं होतं ‘लॅब: आहे’. २०१५ च्या राज्यघटनेनं नेपाळमध्ये शालेय शिक्षण स्थानिक सरकारांकडे दिलं, म्हणजे शाळेनं मागायचं ते या पालिकेकडेच. आणि मागायला गेलं की उत्तर तयार, तुमच्याकडे परदेशी लोकांनी दिलेत की अकरा!

मोठ्या प्रमाणावर केलं म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कहाणी जुन्या लोकांना आठवत असेल. निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये ती कल्पना मांडली, जगभर टाळ्या पडल्या. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २००६ मध्ये नकार दिला, तेव्हा सरकारला मागासलेलं ठरवलं गेलं. पुढे २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत त्याचा छोटा प्रयोगही झाला. पेरूनं मात्र असे लॅपटॉप लाखांनी घेतले. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गणितात आणि भाषेत मुलांच्या मार्कांवर परिणाम? काही नाही. यंत्र पोचलं होतं. यंत्राभोवती जे लागतं ते पोचलं नव्हतं.

आणि नेपाळातच याचं उलटं उदाहरण आहे, म्हणून तर जास्त राग येतो. महावीर पुन हे नाव माहीत नसेल तर माहीत करून घ्या. म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावचा माणूस, अमेरिकेत नेब्रास्कात शिकून गावी परतला आणि तिथल्या हायस्कुलात मास्तर झाला. जुन्या सुट्या भागांतून लाकडी खोक्यात कॉम्प्युटर बसवले, ओढ्यावरच्या छोट्या जनित्रावर चालवले. मग २००२ पासून माओवादी बंडाच्या धामधुमीत, झाडांवर अँटेना टांगून, टीव्हीच्या डिश वापरून शेजारच्या डोंगरांवर वायरलेस नेटवर्क उभं केलं. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०२५ मध्ये ते नेपाळचे शिक्षणमंत्री झाले. त्यांच्याकडेही परदेशी स्वयंसेवक येत होते, गावातल्या घरांत राहत होते, हे लक्षात घ्या. फरक इतकाच की काय हवंय ते गाव सांगत होतं, आणि पाहुणा गेल्यावर झाडावर चढून अँटेना नीट करायला गावची पोरं होती. ती पोरं आधी तयार केलेली होती.

आता हिशेब. आपण इंजिनीयर, आकडे मांडल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. मी संस्थेला भरले ३८,००० रुपये. विमानाचं येणंजाणं २४,०००. ज्या आमांनी मला स्वतःची खोली देऊन स्वयंपाकघरात पथारी टाकली, पहाटे साडेचारला उठून माझ्यासाठी पाणी तापवलं, त्यांना दिवसाला ८०० नेपाळी रुपये मिळाले. एकवीस दिवसांचे १६,८००, म्हणजे आपले साडेदहा हजार. (शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, दर बांधलेला आहे.) उरलेले साडेसत्तावीस हजार ‘कार्यक्रम खर्च’. शाळेला त्यातलं किती? एक बॅनर मिळाला, माझ्या स्वागताचा.

बेसिसहरला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला एक तरुण आहे. त्याला मी विचारलं, महिन्यातून एकदा वर येशील का? जीपभाड्यासकट फेरीला २,५०० नेपाळी म्हणाला. वर्षाचे ३०,०००, आपले १८,७५०. म्हणजे माझ्या एकट्याच्या विमानाच्या तिकिटात शाळेचं वर्षभराचं काम भागून वर तीन फेऱ्या उरतात. त्याला प्रीती म्हणजे काय ते माहीत आहे, क्यूबेसिक कसं चालवायचं ते माहीत आहे, दसैं कधी आहे तेही माहीत आहे, कारण तो स्वतः एसईई देऊनच आलाय. पण त्याचा फोटो मेलमध्ये छान दिसणार नाही. झेंडूची माळ नाही, सॅक नाही, खिशात टेस्टर आहे.

राहायला जरूर जा, मी आडवा येणार नाही. गुंद्रुकची आंबट भाजी आणि ढिंडो खाऊन बघा, आमांना दिवसाचे ८०० ऐवजी सरळ २,००० द्या आणि त्याला सहल म्हणा. सहलीत वाईट काय आहे? माझी ती तीन आठवड्यांची सहल फारच सुंदर झाली. फक्त तिला शाळेचं नाव देऊन शाळेच्या वाट्याचे पैसे विमान कंपनीला देऊ नका. आणि जुने लॅपटॉप पाठवायचेच असतील तर प्रत्येक लॅपटॉपमागे तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे आधी बाजूला काढा. ते परवडत नसेल तर ई-कचऱ्याची कागदपत्रं भरा, तोच रस्ता बरा.

मी परत आलो तेव्हा अकरापैकी नऊ मशिनं चालू होती. एप्रिल २०२४ मध्ये सरांना फोन केला तर पाच. सहा महिन्यांत चार गेली, एकही मोठ्या रोगानं नाही. मग ऑफिसात विचारून बघितलं, त्या बेसिसहरच्या मुलाला वर्षाचे पैसे देऊ या का. मेलला उत्साहानं ‘मी येतो’ म्हणणारे सोळा जण होते. यासाठी मिळाले दोन, मी धरून तीन. माणशी महिन्याला ५२० रुपये पडतात, सुटे भाग वेगळे. सीएसआरवाल्यांनी सांगितलं की पगारासारखा चालू खर्च धोरणात बसत नाही, ‘वस्तूरूपात’ काही असेल तर बघू.

दीड वर्ष झालं, मुलगा दर महिन्याला जातो. वहीत तारीख, मशिनचा नंबर, काय केलं, आणि खाली हेडसरांची सही, या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. मागच्या महिन्याच्या पानावर होतं: तीन नंबरचा पॉवर सप्लाय बदलला, सात नंबरमध्ये उंदीर, वायर नवीन टाकली, ऑफिसच्या मशिनमधल्या प्रश्नपत्रिकांची पेनड्राइव्हवर कॉपी. चालू: आठ.